जहाजाने बंदर बदललं, आता आमचं काय?

सागरी प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक मूळचे देवगडचे. परदेशी क्रूझ जहाजांवर प्रोव्हिजन मास्टर, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाचा साठा सांभाळणारे, म्हणून नोकरी करून आता ते निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : आमची लेक अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोला असते. २०१९ मध्ये तिने आम्हाला ‘डिस्नी ड्रीम’ जहाजाने बहामाला नेलं होतं. पोर्ट कॅनाव्हेरल बंदर तिच्या घरापासून तासाभरावर, त्यामुळे काहीच दगदग झाली नाही. आता पुन्हा जायचं ठरतंय आणि नातवांना तेच जहाज हवंय. पण ते आता फोर्ट लॉडरडेलहून सुटतं, म्हणजे गाडीने साडेतीन तास. भरलेलं चालणारं जहाज कंपनीने हलवलं कशाला? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेच जहाज धरावं की जवळच्या बंदरातलं दुसरं घ्यावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जवळच्या बंदरातलं दुसरं घ्या. जहाजाच्या नावावर बुकिंग करू नका, बंदर बघून करा. घरात गुडघेदुखी, लहान मूल किंवा भारतीय पासपोर्ट, यातलं काहीही असेल तर मी हेच सांगेन.

आता जहाज का हललं ते. ड्रीमला गिऱ्हाईक नव्हतं असं अजिबात नाही. या कंपनीचं पहिलं जहाज ‘मॅजिक’ १९९८ मध्ये पोर्ट कॅनाव्हेरलहून सुरू झालं, पुढच्या वर्षी ‘वंडर’ आलं. डिस्नी वर्ल्ड बघायचं आणि तिथूनच बोटीवर चढायचं, असा तो बेत होता. नवीन जहाज आलं की ते आधी याच बंदरात लावायचं आणि जुन्यापैकी एखादं दुसरीकडे पाठवायचं, हे पुढे बरीच वर्षं चाललं. २०११ च्या जानेवारीत ड्रीम आलं आणि वंडर लॉस एंजेलिसला गेलं. २०१२ मध्ये ‘फँटसी’ आलं, त्या वर्षी मॅजिक न्यूयॉर्क आणि टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून धावलं. २०२२ च्या जुलैत ‘विश’ आलं, तेव्हा पाळी तुमच्या ड्रीमची होती. ते आधी मायामीला गेलं, २०२३ चा उन्हाळा त्याने युरोपात काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरात त्याचं बस्तान बसलं.

२०११ मध्ये वंडरच का गेलं, याचं कारण मला फार आवडतं. पूर्व किनाऱ्यावरून लॉस एंजेलिसला जायची जवळची वाट पनामा कालव्यातून. तिथली जुनी दारं साडेतेहतीस मीटर रुंद आणि वंडर बत्तीस मीटरच्या किंचित वर. दोन्ही बाजूंना हातभर पाणी ठेवून ते निघून जातं. मॅजिक २००५ मध्येच तसं जाऊन आलं होतं. ड्रीमची रुंदी सदतीस मीटर. २०१६ मध्ये रुंद दारं उघडेपर्यंत त्याला ती वाट बंदच होती. त्या नव्या दारांतून २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिलं प्रवासी जहाज गेलं तेही वंडरच. फ्लोरिडातल्याच टॅम्पा बंदराच्या तोंडावर एक पूल आहे, मोठी जहाजं उंचीमुळे त्याच्याखालून जाऊ शकत नाहीत. कुठलं जहाज कुठे राहील हे असं पाण्यावरच्या आणि पाण्याखालच्या मापांनी बरंचसं ठरून जातं, जाहिरात खातं नंतर येतं.

कंपनीचा हिशोबही सरळ आहे. ड्रीमवर चार हजार माणसं मावतात, विशवरही साधारण तेवढीच. तीन-चार रात्रींच्या दोन फेऱ्या एकाच बंदरातून भरत बसण्यापेक्षा एक जहाज दक्षिणेला नेलं की मायामी-फोर्ट लॉडरडेल पट्ट्यातली घरं गाडीच्या टप्प्यात येतात आणि लॅटिन अमेरिकेहून विमानाने येणाऱ्यांचीही सोय होते. तिथून बहामाची राजधानी नासाऊ जवळ, म्हणजे रात्री जहाज सावकाश चालवलं तरी सकाळी वेळेवर पोचतं. इंधन वाचतं ते वेगळंच. बंदरालाही मोठं नाव हवं असतं. पोर्ट एव्हरग्लेड्सने त्यासाठी आपलं चार नंबरचं टर्मिनल नव्याने सजवून दिलं.

पण बंदर बदलणं आम्हा कामगारांना काय पडतं, ते प्रवाशांना कधीच दिसत नाही. टर्नअराउंडच्या दिवशी जहाज उजाडायच्या आत धक्क्याला लागतं. नऊ-साडेनऊपर्यंत जुने प्रवासी उतरतात, दुपारपासून नवे चढतात, संध्याकाळी पाचच्या आसपास दोर सुटतात. तेवढ्या वेळात आठवड्याचं किराणा-भाजीपाला पोटात घ्यायचा. जहाजाच्या अंगालाच, पाण्यापासून थोड्या उंचीवर, लोखंडी दार असतं. आम्ही ते उघडून फळी टाकायचो आणि फोर्कलिफ्टवाला एकामागून एक पॅलेट आत सरकवायचा. कोंबडीच्या आणि दुधाच्या प्रत्येक गाडीत मी आधी थर्मामीटर खुपसायचो. पारा वर दिसला की माल परत, मग ड्रायव्हर कितीही हुज्जत घालो. अमेरिकेत आरोग्य खात्याचे लोक न सांगता जहाजावर येतात आणि शंभरपैकी गुण देतात. पंच्याऐंशी किंवा खाली आले की नापास, आणि तो निकाल सगळ्यांना वाचायला मिळतो.

जुन्या बंदरात हे सगळं डोळे मिटून होतं. कुठल्या फाटकातून ट्रक येणार, गोदीतला मुकादम कोण, ओहोटीला दार धक्क्याच्या किती खाली जातं, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. नव्या बंदरात पहिल्याच खेपेला आमचा पालेभाजीचा ट्रक बंदराच्या भलत्याच फाटकावर उन्हात उभा राहिला होता. त्या फेरीत सॅलडचं काय केलं ते आमच्या शेफलाच माहीत. म्हणून एखादं जहाज नव्या बंदरात जाणार अशी बातमी वाचलीत तर तिथल्या पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या. सामान उशिरा खोलीत येतं, रांगा लांबतात, टर्मिनलमधल्या माणसांनाही सवय नसते. ड्रीमला ही भीती आता नाही, ते तिथे चांगलं रुळलंय.

आता तुमच्या ह्यांच्या गुडघ्याचं. फोर्ट लॉडरडेलला जायचंच असेल तर आदल्या दिवशी जा आणि रात्री तिथेच मुक्काम करा. ऑरलँडो विमानतळावरून तिकडे आता ब्राइटलाइन रेल्वे आहे. साधारण तीन तास लागतात, पण गाडीत पाय दुमडून बसण्यापेक्षा डब्यात उठून चार पावलं टाकता येतात, गुडघ्याला ते फार बरं. अडचण परतीची आहे. जहाज सकाळी रिकामं करतात, तेव्हा रात्रीची अपुरी झोप, बॅगा, कस्टम्स आणि वर साडेतीन तासांचा रस्ता. लेकीला तेव्हा गाडी चालवायची असते, हेही लक्षात घ्या.

म्हणून म्हणतो, पोर्ट कॅनाव्हेरलहून तीन-चार रात्रींसाठी ‘विश’ घ्या. रोज वेगळ्या रेस्टॉरंटात जेवण आणि तेच वाढपी आपल्याबरोबर, ही पद्धत तिथेही आहे. नातवांना ड्रीमवरची पाण्याची घसरगुंडी आठवत असणार. विशवरही वरच्या डेकवर घसरगुंडी आहे, तिच्यात जाताना उंदीरमामांची चित्रं दिसतात. फोटो दाखवा, मुलं आपोआप कबूल होतील. फेरीत कॅस्टअवे के हे कंपनीचं बेट असेल अशीच निवडा. तिथे जहाज थेट धक्क्याला लागतं, किनाऱ्यापर्यंत छोटी गाडी नेते आणि वाळूत चालणारी मोठ्या चाकांची खुर्चीही मागितली की मिळते. कंपनीच्याच ‘ट्रेजर’ जहाजाची सात रात्रींची फेरी मोहात पाडेल, पण तिचं वेळापत्रक नीट वाचा. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरावं लागतं. हलत्या फळीवरून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला मी ते सांगणार नाही.

टर्मिनलवरची चाकाची खुर्ची बुकिंग करतानाच लिहून मागा. आणि गोदीत बॅगा उचलणाऱ्या हमालांना द्यायला सुटे डॉलर खिशात ठेवा, ते जहाजाचे नोकर नसतात.

प्रश्न : माझ्या दिरांचं कुटुंब सिएटलला आहे. आम्ही सगळे मिळून अलास्का क्रूझ करणार आहोत. आम्हाला हवं असलेलं जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटतं. आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. कॅनडाचा वेगळा काढावा लागेल का? की सिएटलहून सुटणारं जहाज घेतलं तर तो वाचेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वेगळा काढावा लागेल, आणि सिएटलहून गेलात तरी वाचणार नाही. याच्यामागे १८८६ चा अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडायचे नाहीत आणि फेरी त्याच बंदरात परत येत असली तरी मध्ये एखादं परदेशी बंदर लागलं पाहिजे. बहुतेक क्रूझ जहाजांवर बहामा, पनामासारख्या दुसऱ्या देशांचा झेंडा असतो. म्हणून सिएटलहून निघालेली अलास्काची जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कित्येकदा रात्री काही तासच. तुम्ही तिथे उतरलात नाही तरी कागद पूर्ण हवेत. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. महिनाभर आधी धावपळ करू नका, बुकिंगच्या दिवशीच अर्जाला लागा. एखाद्याचा पासपोर्ट अडकला तर क्रूझचे पैसे परत मिळतीलच असं नाही, म्हणून रद्द करण्याच्या अटी आधी वाचा.

मेक्सिकोचं मात्र सोपं आहे. कॅलिफोर्नियाहून एन्सेनाडाला जाणाऱ्या फेऱ्यांवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

दोन्ही बंदरांत मला विचाराल तर व्हँकुव्हर. वर उल्लेख केलेलं वंडर २०११ ला अलास्काला पहिल्यांदा गेलं ते व्हँकुव्हरहून. २०१२ चा मोसम त्याने सिएटलहून काढला आणि पुढच्या वर्षी पुन्हा व्हँकुव्हरला आलं. व्हँकुव्हरहून निघालं की जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून वर सरकतं, दोन्ही बाजूंना डोंगर दिसतात, पाणी बऱ्यापैकी शांत. सिएटलची जहाजं पुष्कळदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. पहिल्या रात्रीच सासूबाईंना मळमळायला लागलं तर पुढच्या हिमनद्या कोण बघणार? अलास्काच्या वाटेवर मी किचनमध्ये आल्याचे तुकडे आणि कोरडी बिस्किटं कायम हाताशी ठेवत असे. तुम्हीही पर्समध्ये ठेवा.

प्रश्न : मुंबईहून सुटणारी क्रूझ पावसाळ्यात कुठे जाते? आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस जुलैत असतो, त्यांना गोव्याला समुद्रातूनच न्यायचंय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुलैत नको. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून सुरू झालं आणि २०२२ च्या जूनमध्ये फेऱ्यांसाठी चेन्नईला गेलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथूनच श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. कारण आपल्याला माहीत असलेलंच. नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या किनाऱ्यावर थेट आदळतो, पूर्व किनारा तेव्हा आडोशाला असतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबरपासून येतो, तोवर अरबी समुद्र निवळलेला असतो. १९९० साली बांधलेलं, मध्यम आकाराचं ते जहाज आहे. जुलैतल्या लाटांत ते बुडणार नाही, पण आई-वडील दोन रात्री खोलीतच पडून राहतील.

आमच्या देवगडला हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. भाऊच्या धक्क्यावरून येणारी गोव्याची बोट मेअखेरीला बंद झाली की बंदच. मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी त्याआधी घाईने येऊन जायचे आणि मग गणपतीला एसटी. पुढे मोसम उघडला की पहिल्या बोटीच्या भोंग्याला सगळी मुलं बंदरावर पळायची. बोट बाहेर उभी राहायची, पडाव भरून माणसं किनाऱ्याला यायची, आणि आमची आजी प्रत्येक पडावात माझ्या काकांना शोधायची.

तेव्हा वाढदिवस दिवाळीनंतर साजरा करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला समुद्र सर्वांत शांत असतो. खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. गोव्यात जहाज मार्मागोव्याला लागतं, तिथून पणजी गाडीने बरीच लांब आहे. देवदर्शन करायचं असेल तर सकाळी उतरल्याबरोबर निघा आणि परत चढायची वेळ ड्रायव्हरला आधीच लिहून द्या.