तिकिटावरचे तास आणि हवेतले तास

प्रश्न : मुलगा जानेवारीत मुंबईहून लंडनला जाणार आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ 13:30 आणि पोचण्याची 17:30, म्हणजे चारच तास! परतीचं विमान 20:30 ला सुटून दुसऱ्या दिवशी 10:45 ला पोचतं, म्हणजे सव्वाचौदा तास. अंतर तर एकच ना?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अंतर एकच, घड्याळं दोन. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. जाताना ते मिळवा : साडेनऊ तास. येताना वजा करा : पावणेनऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचारच तासांचा असतो, तेव्हा उन्हाळ्यातल्या तिकिटाला हा हिशेब लावू नका.

उरलेला पाऊण तास वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते जास्तच असतात. तापीत होडी वरच्या अंगाला न्यायची तर जोर लागतो, तसंच हे. सरळ अंतर सुमारे 7200 किमी. वळणं धरून 7500 समजा. विमानाचा हवेतला वेग 900 आणि वारा सरासरी 50, तर जाताना 850 आणि येताना 950 पडतो. भागाकार केला की पावणेनऊच्या वर आणि आठच्या आत असे तास येतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वर धरा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. तशी बंदी असली की वळसा वाढतो.

खरी फसगत तारखेत होते. तिकिटावर ‘15 तारीख, 02:10’ असेल तर विमानतळावर 14 च्या रात्री 11 ला हजर राहायचं. पंधराच्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालात, तर विमान कधीच गेलेलं असेल. जळगावहून मेल-एक्सप्रेसला सात तास धरा, वर दादर ते सहार टॅक्सीचा एक तास आणि गाडी उशिरा आली तर म्हणून आणखी तीन-चार. चौदाच्या सकाळची गाडी पकडा, दुपारची नको.

प्रश्न : दोन विमानतळांमधलं अंतर घरी कसं मोजावं?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. सपाट कागदावर ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो सैल राहिला की अंतर फुगतं. मग तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून घेर मोजा; तो 40,000 किमीचा. घेर 63 सेंमी भरला तर एक सेंमी म्हणजे 635 किमी. मुंबई-लंडन 11.3 सेंमी भरेल. मुंबई-जळगाव मात्र असं मोजायला जाऊ नका. सरळ रेषेत ते साडेतीनशे किमीच्या आसपास आहे, म्हणजे या गोलावर जेमतेम अर्धा सेंमी. तिथे दोऱ्याची जाडीसुद्धा हिशेब बिघडवते.