पाच ऑनलाइन मित्र, तीन महिने आणि मोजके पैसे: परदेश दौरा कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लिस्बन (पोर्तुगाल), ल्यों (फ्रान्स), बर्लिन (जर्मनी), क्राकोव (पोलंड) आणि ग्लासगो (ब्रिटन) इथे तुमचे पाच मित्र आहेत. सगळ्यांशी ओळख ऑनलाइन, प्रत्यक्ष भेट एकाशीही नाही. १ जून ते ३१ ऑगस्ट असा दौरा करायचाय, पैसे मोजके आहेत, म्हणून सगळा मुक्काम मित्रांच्या घरीच करायचा बेत आहे. हे जमेल का आणि सुरुवात कुठून करावी?

जमेल. मी स्वतः असा ७० दिवसांचा दौरा केलाय. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या एका ऑनलाइन गटात सहा वर्षांपासून ओळख असलेल्या चार मैत्रिणींना भेटायला गेले होते. त्या अनुभवावरून तुमच्या बेतातली एक गोष्ट आधी बदलायला सांगते: मुक्कामाचा सगळा हिशोब मित्रांच्या घरांवर बसवू नका.

पहिल्या मैत्रिणीकडे मी सलग ११ दिवस राहायचं ठरलं होतं. आग्रह तिचाच होता. पहिले चार दिवस आमचं बोलणं संपत नव्हतं. पाचव्या दिवसापासून ती गप्प गप्प राहायला लागली. मला वाटलं, आपल्याकडून काहीतरी चुकलं. सातव्या रात्री शेजारच्या खोलीतून तिचा मेसेज आला: तुझ्यावर रागावले नाहीये, पण मला रोज संध्याकाळी दोन तास एकटीला लागतात आणि ते तुझ्या तोंडावर सांगवत नव्हतं. सहा वर्षं आम्ही एकमेकींना लिहीतच आलो होतो, त्यामुळे अवघड गोष्टही तिला लिहूनच सांगता आली. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या, प्रवाशांसाठीच्या एका स्वस्त हॉस्टेलमध्ये राहायला गेले. उरलेले चार दिवस आम्ही दुपारी भेटायचो, पाणथळीवर जाऊन पक्षी ऐकायचो आणि संध्याकाळी आपापल्या ठिकाणी परतायचो. संपूर्ण दौऱ्यातले ते सर्वांत सुंदर दिवस होते.

ऑनलाइन मैत्रीत दोघांनाही वाटेल तेव्हा फोन बाजूला ठेवता येतो. घरात पाहुणा आला की ती सोय राहत नाही. शिवाय मित्राची नोकरी असते, घरात आणखी कुणी राहत असतं, भाड्याच्या घरात पाहुण्यांबद्दल नियम असू शकतात. तुमच्या मित्राला यातलं काही सांगायला संकोच वाटेल, म्हणून तुम्हीच आधी विचारा. मी पुढच्या तीन ठिकाणी असं केलं: पहिल्या दोन रात्री स्वतःच्या खर्चाने हॉस्टेलमध्ये, पहिली भेट दिवसा आणि माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी, मग दोघींनाही वाटलं तरच घरी तीन-चार रात्री. निघण्याआधी प्रत्येकीशी निदान दोनदा व्हिडिओवर बोलले होते. कुणाचा पत्ता काय, मी तिथे कधी पोचणार, हे घरच्यांकडे लिहून ठेवलं होतं.

आणि एक रक्कम मी शेवटपर्यंत वेगळी ठेवली. कोणत्याही रात्री, कोणत्याही घरातून उठून निघावंसं वाटलं तर दोन रात्रींचा मुक्काम आणि परतीचं तिकीट त्यातून निघेल, एवढी ती होती. ती मोडायची वेळ आली नाही. पण ती जवळ असल्यामुळे मी प्रत्येक घरात मोकळ्या मनाने राहिले. पैसे कितीही मोजके असोत, ही रक्कम जमत नसेल तर दौरा पुढे ढकला. हे मी कळकळीने सांगते.

आता व्हिसाबद्दल. तुम्हाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो असं धरून सांगते. लिस्बन, ल्यों, बर्लिन आणि क्राकोव ही चारही शहरं शेंगेन क्षेत्रात येतात आणि तिथे कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा दिवसही त्यात धरतात. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात, म्हणजे सगळा काळ तिथेच काढायचा म्हटलं तर नियम मोडतो. ग्लासगो ब्रिटनमध्ये, शेंगेनच्या बाहेर, तिथला व्हिसा वेगळा. म्हणून ग्लासगो अगदी शेवटी ठेवा. मध्ये घातलंत तर शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरावं लागेल आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तुम्ही बाहेरच अडकाल.

शेंगेनचा अर्ज तिथल्या ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा.

मित्राकडून आमंत्रण मागताना थोडं थांबा. काही देशांत ते साधं पत्र नसतं. जर्मनीत यजमान तुमच्या खर्चाची हमी अधिकृतपणे लिहून देऊ शकतो, पण त्यासाठी त्याला स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि तुमच्या उपचारांचा खर्चही त्याच्यावर येऊ शकतो. फ्रान्समध्ये घरी उतरणाऱ्या पाहुण्यासाठी यजमानाला नगरपालिकेकडून दाखला काढावा लागतो. ज्याला अजून प्रत्यक्ष भेटलोही नाही त्याच्यावर एवढं ओझं टाकावं का, याचा विचार करा. रद्द करता येणारं हॉस्टेलचं बुकिंग आणि स्वतःच्या खात्यातली शिल्लक दाखवून अर्ज करता येत असेल तर मी तोच मार्ग घेईन. सीमेवर अधिकाऱ्याने विचारलं तर ओळख ऑनलाइन झाली हे सरळ सांगा, मित्राचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम करण्याच्या योजनांपासून मात्र लांब राहा, कारण पैसे मिळाले नाहीत तरी अनेक देश त्याला कामच समजतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही.

मार्गाचं म्हणाल तर जायचं तिकीट लिस्बनपर्यंतचं आणि परतीचं ग्लासगोहून असं एकाच बुकिंगमध्ये घ्या. याला ओपन-जॉ तिकीट म्हणतात. मागे फिरून लिस्बनला येण्याचा खर्च त्यात वाचतो. वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं स्वतः जोडायचा मोह आवरा. मी तो आवरला नाही. माझं पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं आणि दोन्ही तिकिटं स्वतंत्र असल्यामुळे कुणावरच जबाबदारी नव्हती. विमानतळावर घेतलेल्या नव्या तिकिटात माझे दोन आठवड्यांच्या मुक्कामाचे पैसे गेले. अशा प्रवासात सामान मध्येच उतरवून घ्यावं लागतं, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि मग त्या देशाचाही व्हिसा लागू शकतो.

लिस्बन ते ल्यों हा टप्पा विमानाने करा, जमिनीवरून तो लांबतो. पुढे ल्यों, बर्लिन, क्राकोव हे रेल्वे आणि बसने छान होतं. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, १९५९ पासून मिळतो, पण दोन-तीनच टप्पे असतील तर लवकर काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. स्वस्त विमानात बॅगेचं शुल्क कधीकधी तिकिटापेक्षा जास्त असतं, म्हणून एका पाठपिशवीत मावेल तेवढंच न्या.

पैशांचा हिशोब तुम्ही दिवसांपासून सुरू केलाय, तो उलटा करा. हातातल्या रकमेतून व्हिसा, विमा, जाण्या-येण्याचं विमान आणि मधले टप्पे आधी वजा करा. मघाची वेगळी रक्कम वजा करा. उरलेल्याचा पाचवा भाग अडीअडचणीला बाजूला ठेवा. मग जे राहील त्याला रोजच्या खर्चाने भागा, आणि तो खर्च धरताना रोज रात्री हॉस्टेलचे पैसे देणार असंच समजा. उत्तर ९२ येणार नाही, कदाचित ५० येईल. मग ५० दिवसांचाच दौरा करा. मित्राच्या घरी काढलेली प्रत्येक रात्र ही वरची बचत होईल, त्यातून त्याच्या घरचं वाणसामान भरा.

माझ्या वहीत पाहिलं तर शहर बदलायच्या दिवशी खर्च एरवीच्या दुपटीहून जास्त झालेला दिसतो: तिकीट, स्टेशनपासून घरापर्यंतचं वाहन, घाईत घेतलेलं जेवण. त्यामुळे पाच शहरं जास्त वाटली तर एक गाळा, पण दर तीन दिवसांनी पळू नका. परदेशात मशीनवर कार्ड लावताना रक्कम तुमच्या चलनात घेऊ का असं विचारतात, तिथे नेहमी स्थानिक चलन निवडा. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा.

तिकीट शोधण्याआधी पाचही मित्रांना एकच निरोप पाठवा: जून ते ऑगस्टमध्ये तुला मोकळे असे कोणते चार दिवस आहेत, आणि मी तुझ्या घरी न उतरता जवळपास कुठे राहिलो तर बरं पडेल का? ऑगस्टमध्ये फ्रान्समधले बरेच लोक स्वतःच सुटीवर बाहेर जातात, तेव्हा ल्योंच्या मित्राला सर्वांत आधी विचारा.