लोडर हळू चालतोय म्हणून डबल पंप टाकताय? आधी वॉल्व्ह आणि होज बघा

नमस्कार शेतकरी बंधूंनो, शेणखत भरायचं आणि मुरूम-पोयटा ओढायचं काम सुरू झालं की ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरबद्दल प्रश्न यायला लागतात. या खेपेला तिघांचे प्रश्न वेगळे दिसतात पण दुखणं एकाच ठिकाणी आहे, वॉल्व्ह (लिव्हरने ऑइलची वाट बदलणारा भाग) आणि त्याच्याभोवतीची जोडणी, म्हणून एकत्रच उत्तर देतोय.

पहिला प्रश्न असा की ट्रॅक्टर ४५ एचपीचा, लोडर गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतला, बकेट वर जायला फार वेळ लागतो, मेकॅनिक म्हणतो डबल मोठा पंप टाकू, टाकू का?

दादा, थांबा. खर्च करायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, पंप फक्त लिटर देतो, म्हणजे मिनिटाला ठरावीक ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बकेटमधल्या वजनामुळे. लिटर कमी पडले तर काम हळू होतं, प्रेशर कमी पडलं तर वजन उचलत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि आपल्याकडे दोन्हीला एकच औषध देतात, मोठा पंप.

तुमचा जॅक (बकेट उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर) ६३ मिमी बोअरचा आणि ५०० मिमी स्ट्रोकचा धरू. एक जॅक पूर्ण उघडायला साधारण दीड लिटरच्या थोडं वर ऑइल लागतं, दोन जॅकना मिळून ३.१ लिटर. पंप मिनिटाला २५ लिटर देत असेल तर बकेट साडेसात सेकंदात वर जाईल, ४० लिटर देत असेल तर पावणेपाच सेकंदात, आणि शेतातल्या कामाला पाच सेकंद पुष्कळ झाले. पंप किती लिटर देतो ते काढायला नेमप्लेटवरचा सीसी (एका फेऱ्यात पंप ढकलतो तेवढं ऑइल) गुणिले पंपाचा आरपीएम भागिले १०००. म्हणजे २० सीसीचा पंप २००० आरपीएमला ४० लिटर देतो (जुना झालेला थोडा कमी देणार) पण तोच पंप इंजिन ८०० वर नुसतं गुरगुरत ठेवलं तर १६ लिटरच देतो. बरेच जण डिझेल वाचवायला आयडलवर लोडर चालवतात आणि मग हळू आहे म्हणतात, तर आधी रेस देऊन घड्याळ लावून बघा. पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवरून) पंप चालवत असाल तर तिथे ५४० आरपीएमच मिळतात, तेवढ्यात ४० लिटर हवे असतील तर ७४ सीसीचा पंप लागेल नाहीतर मध्ये स्पीड वाढवणारा गिअरबॉक्स, हे गणित न करता २० सीसीचा पंप पीटीओला लावला की मिनिटाला जेमतेम ११ लिटर मिळतात.

आता डबल पंप का नको ते सांगतो. मिनिटाला ४० लिटर आणि १५० बार प्रेशर म्हणजे १० किलोवॅट, नुकसान धरून इंजिनवर साधारण १६ एचपीचा बोजा. ८० लिटर केले की ३२ एचपी झाले, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरने मग गाडी पुढे-मागे कशाच्या जोरावर करायची? आणि वॉल्व्ह तर जुनाच राहिला ना. वॉल्व्हवर ४० लिटर लिहिलेलं असेल आणि त्यातून ८० लिटर ढकलले तर आतला प्रेशर ड्रॉप, म्हणजे वॉल्व्हमधून जाताना वाया जाणारं प्रेशर, दुप्पट नाही, चौपट होतो. ५ बारचा २० बार झाला. ८० लिटरला २० बार म्हणजे सुमारे २.७ किलोवॅट, आपल्या घरातला पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असतो, तसे जवळपास दोन रॉड ऑइलमध्ये सोडल्यासारखं झालं, आणि साध्या ओपन सेंटर वॉल्व्हमध्ये तुम्ही लिव्हरला हात लावला नाही तरी ऑइल वॉल्व्हमधून फिरतच असतं त्यामुळे ही उष्णता दिवसभर चालू. ऑइल ८० डिग्रीच्या वर गेलं की पातळ होतं, सील कडक होतात, आणि दुपारी तीननंतर लोडर सकाळपेक्षाही हळू. मी स्वतः असे लोडर पाहिलेत, नवा पंप टाकून पंधरा दिवसांत मालक पहिल्यापेक्षा जास्त वैतागलेला. म्हणून पंप, वॉल्व्ह आणि होज तिन्ही एकाच लिटरच्या मापात घ्या. या ट्रॅक्टरला माझं मत ४० लिटरच्या आसपासच.

होजचं माप तर कोणी बघतच नाही. ४० लिटरला टाकीकडून पंपात येणारा सक्शन पाईप सव्वा इंची लागतो, प्रेशरचा अर्धा इंची चालतो. सक्शन बारीक ठेवला की पंप किंचाळतो, ऑइलला फेस येऊन ते ताकासारखं दिसतं, आणि पंप आतून खाल्ला जातो. भंगारातून पंप आणणार असाल तर तो कोणत्या बाजूला फिरणारा आहे ते आधी विचारा, उलटा फिरवला तर शाफ्टचं सील पहिल्या मिनिटात बाहेर येतं. आणि साध्या गिअर पंपाच्या शाफ्टवर सरळ पुली बसवून बेल्ट ताणू नका, बेल्टचा आडवा ओढ सोसायला वेगळं बेअरिंग द्या नाहीतर इंजिनच्या क्रँकच्या सरळ रेषेत कपलिंगने जोडा.

दुसरा प्रश्न, वेगळा पंप न लावता ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकमधून लोडरचा वॉल्व्ह जोडला, आता मागची लिफ्ट नांगर उचलताना वॉल्व्हमधून ऑइल गळतं. भाऊ, तुमच्या फिटरने वॉल्व्हच्या टी पोर्टमधून, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पोर्टमधून, पुढे लिफ्टला लाईन दिलेली दिसते. तो पोर्ट प्रेशर सोसायला बनवलेलाच नसतो, लिफ्टने वजन घेतलं की तेच प्रेशर मागे वॉल्व्हच्या अंगावर येतं, आज सील गेलं, उद्या बॉडीला चीर जाईल. याला पॉवर बियॉंड वाला वॉल्व्ह लागतो, त्यात लिफ्टकडे जायला वेगळा पोर्ट असतो आणि टाकीची लाईन स्वतंत्र जाते. बऱ्याच वॉल्व्हना ही स्लीव्ह वेगळी मिळते, पूर्ण वॉल्व्ह बदलायच्या आधी दुकानात ते विचारा. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नका, त्यात पंप आत बसलेला असतो आणि कंट्रोल सक्शनच्या बाजूला, ऑइल सतत फिरत नाही, तिथे क्रँकवरून वेगळा पंप आणि वेगळी टाकीच बरी. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप किती लिटर देतो आणि रिलीफ (प्रेशर जास्त झालं की ऑइल टाकीत सोडणारा वॉल्व्ह) किती बारला उघडतो हे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेच्या टेस्ट रिपोर्टमध्ये छापलेलं असतं, डीलरकडे मागा.

वजन उचलत नाही म्हणून रिलीफचा स्क्रू पाना घेऊन आवळत बसणारे पण आहेत, कृपा करून गेज लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. पंप, वॉल्व्ह, होज यात ज्याचं प्रेशर रेटिंग सगळ्यात कमी त्याच्या खालीच रिलीफ राहिला पाहिजे.

तिसरा प्रश्न, बकेट वर ठेवली की अर्ध्या तासात खाली येते, दोनदा सील किट बदललं तरी तेच. ताई, सील किट तिसऱ्यांदा आणू नका. लिफ्टच्या जॅकच्या पिस्टनचं सील गेलं तरी दोन्ही पोर्ट घट्ट बंद असतील तर बकेट फार खाली येऊच शकत नाही, कारण रॉड आत शिरायला आतलं तेवढं ऑइल बाहेर पडावं लागतं आणि त्याला वाट नसते. बाहेर कुठे गळती दिसत नाही म्हणजे ऑइल स्पूलमधून (वॉल्व्हच्या आत लिव्हरने सरकणारी दांडी) टाकीत चाललंय. खात्री करायची तर बकेट जमिनीवर टेकवून दोन्ही जॅकच्या रॉडकडच्या पिना काढा, रॉड पूर्ण बाहेर येऊ द्या, इंजिन बंद करून लिव्हर हलवून प्रेशर सोडा, मग रॉडच्या बाजूचा होज काढून होजला प्लग मारा. इंजिन चालू करून लिव्हर वरच्या बाजूला धरा, जॅकच्या उघड्या पोर्टमधून ऑइल येत राहिलं तर सील खराब, नाही आलं तर स्पूल झिजलाय. स्पूल आणि बॉडी एकमेकांत घासून बसवलेली जोडी असते, ओ-रिंग बदलून ते सुधारत नाही, तो सेक्शनच बदलावा लागतो. नवा घ्यायचाच झाला तर लिफ्टच्या लिव्हरला फ्लोटची चौथी पोझिशन असलेला घ्या, जमीन सपाट करताना बकेट आपोआप उंचसखल फिरते.

आणि हे करताना वर उचललेल्या बकेटखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. १५० बारचं ऑइल सुईच्या भोकातून कातडीत घुसतं, वरून टाचणीएवढीच जखम दिसते, दुखतही नाही, पण आतून हात सडायला लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना हायड्रॉलिक ऑइल घुसलंय हे स्पष्ट सांगा.