आई-बाबा पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला निघालेत, ठाण्यातून कोणती बॅग घ्यावी?

आधी रिकाम्या बॅगेचं वजन बघा. देशांतर्गत इकॉनॉमीत सहसा चेक-इनला (काउंटरवर जमा करायच्या बॅगेला) १५ किलो आणि केबिनला (विमानात सोबत न्यायच्या बॅगेला) ७ किलो मिळतात. बॅगच साडेचार किलोची असेल तर सामानाला उरतं काय? मध्यम आकाराची, तीन किलोच्या आसपासची बॅग बघा. केबिन बॅग साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची, चाकं आणि हँडल धरून मोजलेली. तरी तिकिटावरची मर्यादा एकदा वाचाच.

कडक बॅग घेणार असाल तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचीच घ्या. ते दाबलं की वाकतं आणि परत जागेवर येतं. स्वस्तातलं एबीएस प्लास्टिक आपटलं की तडकतं. दुकानात हँडल पूर्ण वर ओढून हलवून बघा, खडखडलं तर ती बॅग नको. चेन दोन पदरी हवी, साधी चेन बॉलपेनच्या टोकानेही उघडते.

चार चाकं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर छान चालतात, पण गोखले रोडच्या फुटपाथवर किंवा स्टेशनच्या पुलावर ती अडकतात. रिक्षा-लोकलने जाणार असाल तर मोठ्या दोन चाकांची बरी. दारातून कॅबने निघणार असाल तर चार चाकांची घ्या, बाबांच्या खांद्याला ताण येणार नाही.

पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच ठेवायला सांगा, चेक-इनमध्ये चालत नाही.