‘रात्रीस खेळ चाले’ या भुताखेतांच्या मालिकेतला दत्ता आपल्या भावावर, माधववर, एवढा का उखडलेला असतो? तो जमिनीचा लोभी आहे का?

लोभ थोडाफार आहे, नाही कशाला म्हणू? पण मुळात दत्ता घाबरलेला माणूस आहे. मी वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे त्याची भीती मला लगेच ओळखू आली. भुतं मात्र शेवटपर्यंत पटली नाहीत.

२०१६ साली मालिका सुरू होते तीच या भावांच्या वडिलांच्या, अण्णा नाईकांच्या मृत्यूने. माधव मुंबईहून बायको-मुलाला घेऊन येतो, धाकट्या अभिरामचं लग्न तोंडावर आलेलं असतं, आणि दत्ता व त्याची बायको सरिता गावच्या वाड्यातच राहणारी. आता आमच्याकडे बाप गेला की पुढे काय होतं? तलाठ्याकडे वारसनोंद. सातबाऱ्यावर आई, मुंबईचा भाऊ, गावचा भाऊ, बहीण अशी सगळ्यांची नावं चढतात. कायद्याने ते योग्यच आहे. पण आंब्याच्या कलमांना पाणी कोणी घातलं, माकडं कोणी हाकलली, आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात कोणी नेलं, हे त्यावर कुठेच येत नाही. इतकी वर्षं घर सांभाळणाऱ्याला एकदम कळतं की आपण चौघांतले एक.

आणि पुढची धास्ती त्याहून मोठी. उद्या मुंबईचा भाऊ म्हणाला, ‘माझा वाटा मी विकतो,’ तर? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६च्या कलम २२नुसार असा वाटा विकत घ्यायचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा असतो. छान आहे कलम. पण आंबा-काजूच्या हंगामावर जगणारा माणूस बाहेरच्या गिऱ्हाइकाएवढे पैसे एकरकमी आणणार कुठून? शिवाय अण्णा होते तोवर पोरांना घरी यावंच लागायचं. ते गेल्यावर कोण कशाला येईल? ही भीती तोंडाने बोलता येत नाही, म्हणून ती बांधावरून, कागदांवरून, जेवणाच्या पंक्तीतल्या टोमण्यांतून बाहेर पडते. ‘तुमचा काय, गणपतीक येतलास नि जातलास’ हे वाक्य आमच्याकडे किती घरांत ऐकू येतं!

माधवला लोक सोडून देतात, पण त्याचंही तेच दुखणं आहे. वडिलोपार्जित घरात मुंबईच्या भावाची एक खोली असते. चावी त्याच्याकडे. चतुर्थीला कुलूप काढतो तर गाद्यांना कुबट वास, आणि कुलूप लावायच्या आधीच कोणीतरी आत ठेवून दिलेली काजूबियांची गोणी कोपऱ्यात तशीच. गोणी बघून तो गप्प होतो, वहिनी फणकारते, आणि संध्याकाळपर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो, हे त्याला त्या गोणीवरून कळलेलं असतं. घर सोडून गेलेल्यालाही घराने सोडल्याचं भय असतंच की.

मालिकेवर माझा राग एकाच गोष्टीचा. भाऊ आता मनातलं बोलणार असं वाटू लागलं की नेमका कुठलातरी आवाज येतो, सावली हलते आणि सगळे धावत सुटतात. भयकथेची ती गरज असेल, पण त्यामुळे खरं भांडण अर्धवटच राहतं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा मालिकेला विरोध झाला तो अंधश्रद्धेवरून. मला विचाराल तर तिथलं सगळ्यात खरं काही असेल तर ती भावांची धुसफूसच.

दुसरा भाग २०१९चा, पण कथा आधीची. अण्णा जिवंत असतानाची. तो बघितलात की दत्ता जास्त कळेल. ज्या घरात बापापुढे कोणाची मान वर होत नाही, तिथे पोरं बापाला सांभाळून घ्यायला शिकतात, एकमेकांशी बोलायला नाही. अण्णांची प्रेयसी शेवंता, तिच्या नादात हे बघायचं राहून जातं, म्हणून मुद्दाम सांगतो: अण्णा खोलीत शिरले की पोरांच्या तोंडाकडे बघा, अण्णांकडे नको.