वाचकांचे प्रश्न : अनुदरा कन्या आणि ॲनिमिया

प्रश्न : माझ्या रक्ततपासणीच्या अहवालावर ‘ॲनिमिया’ असा शेरा आला. शब्दकोश उघडून पाहिला, तेव्हा या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘रक्त नसणे’ असा दिलेला आढळला. रक्तच नसेल तर माणूस जगेल कसा? वैद्यकातील अशा नकारार्थी शब्दांचा अर्थ नेमका कसा लावावा?

उत्तर : शब्दकोशाने दिलेली व्युत्पत्ती बरोबर आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. ग्रीक भाषेत ‘हायमा’ म्हणजे रक्त. त्याच्या आधी नकारदर्शक ‘ॲन’ लागून हा शब्द तयार झाला. हा उपसर्ग आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो, म्हणून आपण ‘अशक्त’ म्हणतो, पण ‘अनावश्यक’ लिहितो. ग्रीकमध्येही नेमका हाच नियम आहे, कारण दोन्ही भाषांतील हा उपसर्ग एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेला आहे. लॅटिनमधील ‘इन’ आणि इंग्रजीतील ‘अन’ ही त्याचीच भावंडे होत. म्हणूनच ॲट्रोफी (अवयव झिजणे) आणि ॲम्नेशिया (स्मृती जाणे) यांत नुसता ‘ॲ’ आहे, तर ॲन्युरिया (मूत्र नसणे) आणि ॲनॉक्सिया (प्राणवायू न मिळणे) यांत ‘ॲन’. ‘हायमा’ हा शब्द ‘ह’ने सुरू होत असताना तेथे ‘ॲन’ कसा आला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर असे की ग्रीकांच्या लेखी तो ‘ह’ स्वतंत्र व्यंजन नव्हता, तर स्वराच्या आरंभीचा श्वासाचा झोत होता. उपसर्ग लागताच तो गळाला. हिमोग्लोबिनमध्ये मात्र तोच ‘ह’ आजही शाबूत आहे.

आता अर्थाचा प्रश्न. आपण ‘अ’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे शाळेत शिकतो आणि तेवढ्यावरच थांबतो. जुन्या वैयाकरणांनी मात्र नञ् समासातील, म्हणजे ‘अ’ किंवा ‘अन्’ लागून होणाऱ्या समासातील, नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत : साम्य, अभाव, वेगळेपणा, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. अल्पतेचे त्यांचे ठरलेले उदाहरण ‘अनुदरा कन्या’ असे आहे. शब्दशः ती ‘पोट नसलेली मुलगी’ झाली, पण अभिप्रेत आहे ती बारीक कमरेची मुलगी. ॲनिमिया हा शब्द याच अनुदरा कन्येच्या जातीचा आहे. त्यात रक्ताचा अभाव सांगितलेला नसून, रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी झाल्याचे सांगितलेले आहे. नसांमधून वाहणाऱ्या रक्ताचे एकूण आकारमान पुष्कळदा नेहमीइतकेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये दर डेसिलिटर रक्तात 12 ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषामध्ये 13 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर त्या स्थितीला ॲनिमिया म्हणतात. मराठीत यासाठी ‘रक्तक्षय’ हा शब्द रुळलेला आहे, परंतु ‘क्षय’ म्हटल्यावर पुष्कळांना क्षयरोगच आठवतो. मला विचाराल तर ‘रक्ताल्पता’ हा शब्द अधिक नेमका आहे.

हे सहा अर्थ हाताशी ठेवले की इतर शब्दही उलगडू लागतात, मात्र प्रत्येक शब्द कोणत्या घरात बसतो हे प्रत्यक्ष वापरावरूनच ठरवावे लागते. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणे, आणि येथे अर्थ खरोखरच अभावाचा आहे, जरी तो अभाव काही काळापुरताच असला. झोपेच्या तपासणीत प्रौढ व्यक्तीचा श्वास निदान 10 सेकंद थांबला, तरच तो प्रसंग ॲप्निया म्हणून मोजला जातो. ॲन्युरिया म्हणजे शब्दशः मूत्र नसणे. प्रत्यक्षात 24 तासांत 100 मिलिलिटरहून कमी मूत्र झाले तरी डॉक्टर हाच शब्द वापरतात. म्हणजे अभाव आणि अल्पता यांच्यामधली रेघ येथे निसर्गाने नव्हे, तर व्यवहाराने ओढलेली आहे. ॲऱ्हिदमियामध्ये हृदयाला ताल नसतो असे नाही, तर जो ताल आहे तो बिघडलेला असतो, आणि वैयाकरणांची अप्रशस्तता ती हीच. हृदयाचे आकुंचन पूर्णपणे थांबले तर त्या अवस्थेला ॲसिस्टोली हा वेगळा शब्द आहे. या दोहोंत गल्लत करणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते.

वेगळेपणाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. यकृताला सूज आणणारे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन विषाणू ओळखता येऊ लागल्यानंतरही, रक्त चढवलेल्या काही रुग्णांना या दोहोंपैकी एकही विषाणू नसताना कावीळ होत असे. त्या आजाराला कित्येक वर्षे ‘नॉन-ए, नॉन-बी हिपॅटायटिस’ असेच म्हटले जात होते. आजार खरा होता, आणि नाव मात्र तो काय नाही एवढेच सांगत होते. 1989 मध्ये त्याच्या विषाणूची ओळख पटल्यावर त्याला ‘हिपॅटायटिस सी’ हे स्वतःचे नाव मिळाले, आणि या शोधाशी निगडित कार्यासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

काही शब्दांचा अर्थ मात्र मुळापासून इतका दूर गेलेला असतो की व्युत्पत्ती तेथे चकवाच देते. ॲस्फिक्सिया म्हणजे आज आपण गुदमरणे समजतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘नाडी नसणे’ असा होता. इम्युनिटी या शब्दातही नकार दडलेला आहे. रोमन काळी सार्वजनिक कर्तव्यांतून आणि करांतून जो सुटला तो ‘इम्युनिस’. रोगाच्या तावडीतून सुटण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

प्रश्न : या न्यायाने ॲनाटॉमी, अस्थमा आणि ॲन्युरिझम हेही शब्द नकारार्थी मानावेत का?

उत्तर : तिन्ही नव्हेत. ॲनाटॉमीतील उपसर्ग ‘ॲना’ हा आहे. ‘टोम’ म्हणजे कापणे, आणि दोन्ही मिळून ‘कापून उलगडणे’ असा अर्थ होतो. गंमत अशी की त्याच ‘टोम’ला खरा नकार लागला की ‘ॲटम’ होतो, म्हणजे जो कापता येत नाही तो. अस्थमा हा धाप लागणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेला आहे, आणि ॲन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनी रुंदावून फुगणे. त्यात ‘न्युरो’ म्हणजे चेता पाहणे ही केवळ डोळ्यांची फसवणूक आहे.

लॅटिन ‘इन’च्या बाबतीत अधिकच सावध राहावे, कारण त्याचे ‘नाही’ आणि ‘आत’ असे दोन परस्परांशी संबंध नसलेले अर्थ आहेत. इन्सोम्निया म्हणजे झोप नसणे, पण इन्फेक्शनमधील ‘इन’ आत शिरण्याचा आहे. इन्सुलिनमध्ये तर उपसर्गच नाही. स्वादुपिंडातील पेशींच्या बेटांवरून, म्हणजे लॅटिन ‘इन्सुला’वरून, ते नाव पडले. उपसर्ग बाजूला काढून उरलेला भाग स्वतंत्रपणे अर्थपूर्ण राहतो का, हे पाहण्याची युक्ती ‘ॲसिम्प्टमॅटिक’ (लक्षणे नसलेला) यासारख्या शब्दांत उपयोगी पडते, पण सर्वत्र नाही, अशा वेळी शब्दकोश उघडण्याला पर्याय नाही.

प्रश्न : वडिलांच्या लघवीच्या कल्चर अहवालात ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असे लिहिले आहे. म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असे समजावे ना?

उत्तर : कृपया तसे समजू नये आणि अहवाल डॉक्टरांना लवकर दाखवावा. येथे ‘निगेटिव्ह’ हे तपासणीचे उत्तर नसून जिवाणूंच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश वैद्याने 1884 मध्ये जिवाणू रंगवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात जे जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, आणि जे तो सोडून देऊन नंतरच्या रंगाने गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह. मूत्रमार्गाच्या संसर्गात वारंवार आढळणारा ई. कोलाय हा याच दुसऱ्या गटातला. या गटाच्या जिवाणूंना बाहेरून एक जादा आवरण असते आणि काही प्रतिजैविके त्यातून आत शिरू शकत नाहीत, म्हणून औषध निवडताना डॉक्टर हा शेरा मुद्दाम पाहतात. जंतू वाढलेच नाहीत, तर अहवालात ‘नो ग्रोथ’ असे लिहिलेले असते.