फरशी आढ्यासारखी उचलली जाते, ती का?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. गेल्या महिन्यात भरदुपारी मोठा आवाज झाला आणि हॉलमधल्या दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्सच्या दोन ओळी आढ्यासारख्या उभ्या राहिल्या. फुटली एकही नाही. शेजारी कोयनेकडच्या धक्क्याचा संशय घेतात, तर मिस्त्री टाइलला दोष देतो. त्याच टाइल्स पुन्हा बसवाव्यात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भूकंपाची धास्ती मनातून काढून टाका. एवढा धक्का बसला असता, तर भिंतींना तडे गेले असते. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि फरशी उचलते हे खरे. पण ते तळमजल्याचे दुखणे आहे.

टाइललाही दोष देता येणार नाही. स्लॅबचे काँक्रीट वाळताना काही वर्षे आखडत राहते, मीटरमागे साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. कडक भाजलेली व्हिट्रिफाइड टाइल मात्र आखडत नाही, उलट उन्हाने तापली की किंचित वाढते. टाइलला टाइल भिडवून आणि कडेला भिंतीपर्यंत सिमेंट ठासून काम केलेले असेल, तर सगळा दाब फरशीतच कोंडून राहतो. त्यातच खाली मसाल्याचे नुसते गोळे ठेवलेले असले, की मधल्या टाइल्स हळूहळू सुटतात. आणि सुटलेली लांबी दुप्पट झाली, की फरशी वाकवायला चौथाई दाबही पुरतो. बारीक खांबांच्या वाकण्याचा हा नियम गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्ये मांडला. वाकणे असे एकाएकी होते, म्हणूनच तो आवाज. आणि आकडा पाहा : ६०० मिलिमीटरच्या दोन सुट्या टाइल्सना केवळ १ मिलिमीटर जागा कमी पडली, तरी त्यांचा सांधा सुमारे २४ मिलिमीटर वर येतो.

टाइल्स धडधाकट असतील, तर मागचा मसाला खरवडून त्याच वापरा. मात्र एक गोष्ट मिस्त्रीला निक्षून सांगा. उचललेल्या टाइल्स परत बसवताना जागा अपुरी पडते, तेव्हा कड थोडी घासून त्या ठोकून बसवण्याची पद्धत आहे. तसे केले तर तोच दाब पुन्हा साठेल. त्याऐवजी कडेची ओळ कापून भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट मोकळी सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. तिच्यात सिमेंट अजिबात जाऊ देऊ नये. टाइल्समध्ये किमान २ मिलिमीटरचे स्पेसर (फट राखणारे छोटे तुकडे) हवेत आणि खाली दातेरी थापीने टाइल ॲडहेसिव्हचा सलग थर हवा.

उरलेली फरशी हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून पाहा. जिथे पोकळ, बद्द आवाज येईल, तिथल्या टाइल्स आत्ताच काढून घ्या. हॉल ६-७ मीटरपेक्षा लांब असेल, तर मधला एक आडवा सांधा ग्राउटऐवजी (सांधे भरायच्या कडक मसाल्याऐवजी) लवचीक सीलंटने भरून घ्यावा.